मेक्सिकोतलं रिआल दे कातोर्से हे गाव इतक्या आडबाजूला, डोंगरात का वसलंय?

एका शब्दात सांगायचं तर चांदीमुळे. शेतीसाठी अशा जागी कुणी गाव वसवणार नाही.

हे गाव सान लुईस पोतोसी राज्याच्या उत्तर भागात, सिएरा दे कातोर्से डोंगररांगेत सुमारे २,७०० मीटर उंचीवर आहे. कर्कवृत्त इथून थोडंसंच दक्षिणेला, पण उंचीमुळे हिवाळ्यात रात्री चांगलीच हुडहुडी भरते. मेक्सिकोच्या आखातावरून येणारं बाष्प पूर्वेकडची मोठी पर्वतरांग अडवते, त्यामुळे पाऊस बेताचाच. पश्चिमेला खाली उतरलात की थेट वाळवंट: निवडुंग, काटेरी झुडपं आणि सपाट माळ. विशारिका आदिवासींची विरिकुता ही पवित्र भूमी तीच. यात्रेकरू गावाजवळच्या सेरो केमादो या डोंगरावरही येतात.

खरी गंमत वाटेत आहे. पूर्वेकडून बराच वेळ दगडी फरसबंद रस्त्यावर हाडं खिळखिळी करून घ्यायची आणि मग ओगारियो बोगदा. १९०१ साली सुरू झालेला, दोन किलोमीटरहून थोडा जास्त लांब, आणि गाडी जाणार एकच! म्हणून दोन्ही तोंडांशी माणसं उभी राहून आळीपाळीने गाड्या सोडतात. मोठी बस आत मावत नाही, अलीकडे उतरून छोट्या बसमध्ये बसावं लागतं.

पुढे चांदीचे भाव पडले, १९१० नंतर क्रांतीची धामधूम झाली आणि गाव ओस पडलं. छप्पर उडालेल्या दगडी भिंती अजून उतारावर उभ्या आहेत. आता बरीचशी भिस्त पर्यटकांवर आणि संत फ्रान्सिसच्या यात्रेवर.