साप चावल्यावर मंत्रावर विश्वास ठेवणाऱ्या माणसाला कसं समजवावं?

तुमचा प्रश्न असा आहे: गावाकडचे काका चांगले शिकलेले आहेत, तरी साप चावला की मंत्रानेच विष उतरतं यावर ठाम आहेत. लेख दाखवले, व्हिडिओ पाठवले, भांडूनही झालं. आता बोलणंच तुटायला आलंय, तर त्यांना समजवावं कसं?

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात बरीच वर्षं नर्स होते. शेजारच्या वाडीत एक आबा होते. साप चावला असं तिथे कुणी तोंडाने म्हणत नाही, ‘पान लागलं’ म्हणतात. आणि पान लागलं की माणूस आधी आबांच्या अंगणात. ते मंत्र म्हणत अंगावरून टाळा, म्हणजे पानांची डहाळी, फिरवायचे, कडुनिंबाचा पाला चावायला द्यायचे. कडू लागला तर विष नाही, गोड लागला तर चढलं. पैसा त्यांनी कधी घेतला नाही. घेतला तर मंत्र जातो, असं ते मानत.

पहिल्याच वर्षी मी ग्रामसभेत उभी राहिले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, ‘आबांमुळे माणसं मरतात.’ आबा काही न बोलता उठून गेले. त्यानंतर लोकांनी त्यांच्याकडे जाणं थांबवलं नाही, मला सांगणं थांबवलं. पेशंट रात्रभर तिकडे आणि हिरड्यांतून रक्त यायला लागलं की पहाटे आमच्या दारात. ते दिवस आठवले की अजून पोटात कालवतं. चारचौघांत माणसाला खोटं पाडलं की तो आपलं मत नाही, आपली अब्रू सांभाळायला लागतो. काकांशी घरातल्या सगळ्यांसमोर वाद घालत असाल तर तो आजच थांबवा.

दुसरं म्हणजे, काका जे पाहिलं म्हणतात ते त्यांनी खरंच पाहिलेलं असतं. आपल्याकडे माणसांचे जीव जातात ते मुख्यतः नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांमुळे. धामण, दिवड, कवड्या हे सगळे बिनविषारी, आणि चावतात तेही बरेचदा हेच. शिवाय विषारी साप प्रत्येक वेळी विष सोडतोच असं नाही. दात लागतात, विष उतरत नाही. त्यामुळे आबांकडे आलेल्यांपैकी बरेच जण काहीही न करता वाचणारच होते. आबांच्या डोळ्यांसमोर मात्र मंत्र झाला आणि माणूस उठून घरी गेला, असंच घडलं होतं. तेही एकदा नाही, चाळीस वर्षं. अशा माणसाला ‘तुम्ही अंधश्रद्धाळू आहात’ म्हणणं म्हणजे ‘तुमचे डोळे खोटे’ म्हणण्यासारखं आहे. ‘तुम्ही पाहिलंत ते खरं, पण तो साप कुठला होता?’ असं विचारलं की बोलणं पुढे सरकतं.

आबांच्या बाबतीत ते एका पावसाळ्याच्या तोंडावर सरकलं. गडग्याचे, म्हणजे दगडी कुंपणाचे, दगड उचलताना एका बाईच्या बोटाला फुरसं चावलं. आधी मंत्र झाला, मग हात सुजला म्हणून तिला आणलं, आणि काळजीपोटी आबाही सोबत आले. डॉक्टरांनी तिचं थोडं रक्त काचेच्या कोरड्या नळीत घेतलं, तिच्या मुलाचंही दुसऱ्या नळीत घेतलं, आणि दोन्ही वीस मिनिटं न हलवता ठेवायला सांगितलं. मी आबांना खुर्ची दिली. म्हटलं, ‘तुम्हीच लक्ष ठेवा.’ वीस मिनिटांनी नळ्या त्यांच्याच हातून तिरक्या करवल्या. मुलाचं रक्त दह्यासारखं धरलं होतं, जागचं हललं नाही. बाईचं पाण्यासारखं ओघळलं.

‘बाय, हे गोठत का नाय?’

फुरश्याचं विष रक्त गोठवणारे घटक संपवून टाकतं, म्हणून. सलाईनमधून दहा बाटल्या प्रतिविष गेलं. बाटलीत काय आहे, असं आबांनी विचारलं. सांगितलं की घोड्याला सापाचं विष थोडं थोडं टोचत जातात, घोड्याच्या रक्तातच त्यावरचा उतारा तयार होतो आणि तो काढून घेतात. मुंबईच्या हाफकिनमध्ये हे काम वर्षानुवर्षं चालत आलंय. विषावर विषातूनच उतारा, हे त्यांना लगेच पटलं. सहा तासांनी पुन्हा नळी भरली, तोवर ते घरी गेले नव्हते. या वेळी रक्त धरलं.

त्या रात्री पायरीवर बसून त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. त्यांचा धाकटा भाऊ जमिनीवर झोपला होता. मध्यरात्री पोटात कळा आल्या, मग पापण्या उघडेनात, जीभ जड झाली आणि उजाडायच्या आत गेला. अंगावर कुठे दाताची खूण नाही, म्हणून सगळ्यांनी बाहेरचं काहीतरी लागलं असं मानलं. मी म्हटलं, आबा, ही सगळी लक्षणं मण्यारीची. ती रात्री फिरते, चावलेलं दुखत नाही, खूणही दिसत नाही. ते बराच वेळ गप्प होते. ग्रामसभेत ‘आबांमुळे माणसं मरतात’ असं मी म्हणाले होते, तेव्हा हा भाऊ त्यांच्या मनात असणार.

त्यांनी मंत्र सोडला नाही, आणि मीही पुन्हा तो विषय काढला नाही. ठरलं एवढंच, की आधी गाडी, मग मंत्र. पुढे पेशंटसोबत ते रिक्षात बसून यायचे, वाटेत पुटपुटत. चावलेला हात हलू नये म्हणून फळीला सैल बांधून आणायचे. चिरा मारणं आणि आवळून दोरी बांधणं त्यांनी स्वतःच बंद करवलं. मी दहा वर्षं सांगून जे वाडीने ऐकलं नसतं, ते आबांच्या एका शब्दाने ऐकलं.

प्रत्येकाच्या बाबतीत हे चालत नाही. पैसे उकळणारा किंवा पेशंटला दवाखान्यात जाऊच न देणारा असेल, तर त्याला समजावत बसू नका. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखणं हा गुन्हा आहे. सरळ पोलिसांकडे जा. तुमचे काका तसे नाहीत, हे तुमच्या लिहिण्यावरूनच कळतं.

त्यांना या आठवड्यात फोन करा, पण मंत्राचा विषय काढू नका. घरापासून प्रतिविष मिळणारा सगळ्यात जवळचा दवाखाना कुठला, रात्री दोन वाजता गाडी कोण काढेल, १०८ ला वाडीचा पत्ता नेमका कसा सांगायचा, हे त्यांनाच विचारा. आणि ‘दवाखान्यापर्यंत पेशंटसोबत तुम्ही जाल का?’ हेही.