मेकअप ब्रश धुताना एवढं बघ

अगं महागडं ब्रश क्लीनर आत्ताच घेऊ नकोस, घरात बेबी शाम्पू असेल तर तोच पुरे. फाउंडेशन-कन्सीलरचे ब्रश मात्र आठवड्यातून एकदा धुवायचेच, त्यात क्रीम आणि चेहऱ्याचं तेल साचतं, मग पिंपल्स आले की आपण फाउंडेशनला शिव्या घालतो. पावडर-ब्लशचे दोन-तीन आठवड्यांनी धुतले तरी चालतं. पाणी कोमट घे आणि ब्रशचं तोंड कायम खाली धर, कारण केसांच्या वर ती धातूची पट्टी असते ना, तिच्यात पाणी शिरत राहिलं की आतला गोंद सुटतो आणि केस गळायला लागतात, म्हणून भिजत टाकून सीरियल बघत बसायचं नाही. तळहातावर शाम्पू घेऊन हलकेच गोल फिरव. जेल लायनर निघत नसेल तर आधी थेंबभर खोबरेल.

वाळवताना पेल्यात उभे नको, पाणी खाली दांड्यात उतरतं. टॉवेलने टिपून, बोटांनी आकार देऊन टेबलाच्या कडेला आडवे ठेव, केस बाहेर राहतील असे. पावसाळ्यात रात्रभर फॅनखाली ठेवूनही जाड काबुकी (तो आखूड दांड्याचा, दाट केसांचा ब्रश) आतून दमटच असतो (मुंबईत तर विचारूच नकोस), तो ओला पाऊचमध्ये कोंबलास तर कुबट वास येणारच.