विचारा ताईला : आमच्या ग्रुपले फंड कुठून भेटल?

मागच्या अंकात आपण विदर्भातल्या एलजीबीटीक्यूआय, म्हणजे समलिंगी, ट्रान्स वगैरे लोकांच्या ग्रुपबद्दल थोडं लिहिलं आणि त्यावर इतकी पत्रं आली की हा अख्खा कॉलम त्यालाच द्यावा लागला. बहुतेकांचा प्रश्न पैशाचा आहे. मी बरीच वर्षं छोट्या संस्थांचे हिशेब बघते, त्यामुळे जमेल तसं सांगते. कुणाचं नाव, गाव छापलेलं नाही, तालुका किंवा जिल्हा तेवढा ठेवलाय.

प्रश्न : ताई, आमचा दारव्हा तालुक्यातला नऊ-दहा जणांचा ग्रुप आहे. काही गे पोट्टे, दोन ट्रान्स मैत्रिणी, आणि एक लेस्बियन जोडी जिले सारं गाव मैत्रिणीच समजते. महिन्यातून एकदा एका मित्राच्या कृषी केंद्राचं शटर खाली करून मागच्या गोडाऊनमध्ये बसतो, एका बाजूले खताच्या गोण्या आणि एका बाजूले आम्ही. कोणाच्या घरी लग्नाची जबरदस्ती होऊन राहिली, कोणाले धमकी देऊन पैसे उकळून राहिले, की आम्हीच धावतो, आपल्या खिशातून. एक जण म्हणते अमेरिका-युरोपात मोठ्या फाउंडेशन आहेत ज्या याच कामाले पैसा देतात. मंग तो आमच्यापर्यंत काहून येत नाही? अर्ज कुठं करायचा?

उत्तर : भावा, फाउंडेशन आहेत हे खरंय. न्यूयॉर्कची अ‍ॅस्ट्रिया १९७७ साली काही बायकांनी मिळून सुरू केली, कारण लेस्बियन बायकांच्या कामाला मोठे देणगीदार दारात उभं करत नव्हते, म्हणून आपापसात पैसे गोळा केले आणि वाटले. पुढे त्या दुसऱ्या देशांतल्या ग्रुपलाही द्यायला लागल्या. अ‍ॅमस्टरडॅमची मामा कॅश १९८३ ची, तीही बायकांनी उभी केलेली. नैरोबीत २००९ पासून उहाई नावाचा फंड आहे, तिथं कुणाला पैसे द्यायचे हे ठरवणाऱ्या कमिटीत त्याच कम्युनिटीतले लोक बसतात. फ्रिडा म्हणून तरुण मुलींच्या ग्रुपसाठी एक फंड आहे, त्यात तर अर्ज करणारे ग्रुपच एकमेकांच्या अर्जांना मतं देतात. हे एवढं सांगते कारण बाहेरचा पैसा म्हटलं की आपल्याला वाटतं कुणी गोरा साहेब चेक फाडतोय. तसले पण आहेत, पण यातला चांगला पैसा तुमच्यासारख्याच लोकांनी उभा केलेला आहे.

पण तो समुद्र नाही बरं का. ग्लोबल फिलांथ्रॉपी प्रोजेक्ट ही संस्था जगभरच्या या पैशाची मोजदाद करते. २०१९-२० च्या त्यांच्या हिशेबात श्रीमंत देशांची सरकारं विकासाच्या मदतीवर जे १०० डॉलर खर्च करतात त्यातले जेमतेम ४ सेंट एलजीबीटीआय लोकांच्या कामाला जातात. त्या ४ सेंटमागे सारं जग रांगेत उभं आहे, त्यात युगांडासारखे देश ज्यांनी २०२३ मध्ये समलिंगी लोकांविरुद्ध फाशीपर्यंतचा कायदा केला.

आता दारव्ह्यापर्यंत काहून येत नाही ते सांगते. परदेशातला पैसा घ्यायचा तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची मंजुरी लागते. त्याची नोंदणी हवी असेल तर संस्था किमान ३ वर्षं जुनी पाहिजे आणि त्या ३ वर्षांत कामावर किमान १५ लाख रुपये खर्च झालेले पाहिजेत. गोडाऊनमध्ये बसणाऱ्या ग्रुपनं १५ लाख कुठून दाखवायचे? दुसरा रस्ता म्हणजे एका ठरावीक देणगीदाराकडून ठरावीक कामासाठी आधी परवानगी काढायची, पण तिथंही नोंदणीकृत संस्था लागतेच. आधी एक सोय होती, मुंबई-दिल्लीतली मोठी संस्था पैसा घ्यायची आणि त्यातला थोडा तालुक्यातल्या छोट्या संस्थेला द्यायची. २०२० च्या दुरुस्तीनं ते बंद झालं, एफसीआरएचा पैसा आता दुसऱ्या कुठल्याच संस्थेकडे वळवता येत नाही. ऑफिसचा, प्रशासनाचा खर्च पण ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणला. माझ्या मते ग्रामीण भागातल्या ग्रुपचं सगळ्यात मोठं नुकसान या एका दुरुस्तीनं केलं, आणि त्याबद्दल कुणी फार बोललंही नाही.

मोठी संस्था एक गोष्ट अजून करू शकते, ती तुमच्यातल्याच एखाद्याला आपल्या कामावर पगारी ठेवू शकते, म्हणजे पैसा त्यांच्याच खात्यातून खर्च होतो आणि माणूस दारव्ह्यात राहतो. नागपूरचा सारथी ट्रस्ट बरीच वर्षं या कामात आहे, मुंबईचा हमसफर ट्रस्ट १९९४ पासून आहे, त्यांच्याशी बोला. देशातलाच पैसा हवा असेल तर बंगळुरूचं सॉलिडॅरिटी फाउंडेशन लैंगिक अल्पसंख्याकांच्या छोट्या ग्रुपसोबत काम करतं, आणि केशव सुरी व राधिका पिरामल यांनी सुरू केलेला प्राइड फंड आहे. देशी पैशाला एफसीआरए लागत नाही, हे पहिलं डोक्यात ठेवा.

संस्था नोंदवायची घाई मात्र करू नका. सोसायटी नोंदवायला किमान ७ जणांची नावं, पत्ते, सह्या लागतात आणि ते कागद सहायक धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात जातात, उद्या कुणीही जाऊन नक्कल मागू शकतो. तुम्ही ज्या जोडीबद्दल लिहिलं त्या दोघींची नावं केवळ सात आकडा भरायला टाकू नका. ज्यांच्या घरी माहीत आहे त्यांनी सह्या करा, बाकी वकील, डॉक्टर, एखादी प्राध्यापक बाई अशी भरवशाची माणसं घ्या. तोवर बचत गटासारखी वही घाला, दर महिन्याला जमेल ती वर्गणी, आणि कुणासाठी किती खर्च झाला ते तारखेसकट लिहा. ऑटोवाला पावती देत नाही म्हणून तो खर्च सोडू नका, साध्या व्हाउचरवर रक्कम, कुठून कुठं, आणि त्याची सही घ्या. दोन वर्षांची अशी वही घेऊन गेलात तर कुठलाही शहाणा देणगीदार तुमच्या सुंदर प्रोजेक्टपेक्षा तिच्यावर जास्त विश्वास ठेवील.

आणि एक मनापासून सांगते. आपल्याकडं या कम्युनिटीसाठी पैसा आला तो मुख्यतः एचआयव्हीच्या रस्त्यानं आला. त्यानं लोकांचे जीव वाचले, त्याबद्दल दुमत नाहीच. पण नॅकोच्या, म्हणजे सरकारच्या एड्स नियंत्रण संस्थेच्या कार्यक्रमात पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष आहेत, ट्रान्स-हिजडा आहेत, लेस्बियन बाई त्या कुठल्याच खान्यात बसत नाही. म्हणून कितीतरी ग्रुपमध्ये बायका आल्या आणि निघून गेल्या, कारण तिच्यासाठी ना मीटिंगचं बजेट ना फील्ड वर्करचा पगार. तुमच्या ग्रुपमध्ये त्या दोघी आहेत ना, मग फंडचा फॉर्म आला की आधी बघा की त्यांच्या कामाचं काय आहे त्यात. घरच्यांनी कोंडून ठेवलेल्या पोरीला रातोरात यवतमाळ-नागपूरला न्यायचं, चार दिवस कुठं ठेवायचं, वकिलाची फी, हा खर्च कंडोमच्या पेटीत बसत नाही. तो स्वतंत्र मागा, आणि देणाऱ्यानं नाही म्हटलं तर अजून दुसरीकडं मागा, पण तो मागणं सोडू नका.

प्रश्न : माझा मावसभाऊ न्यू जर्सीत असते. तो स्वतः गे आहे आणि आमच्या इथल्या ग्रुपले दर महिन्याले पैसे पाठवतो म्हणते. माझ्या खात्यावर घेऊ का? – अचलपूर तालुका

उत्तर : आधी त्याला विचारा की पासपोर्ट कोणता आहे. भारताचा पासपोर्ट असेल तर तो एनआरआय, त्यानं स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी धरत नाहीत. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) कार्ड असलं तरी, तो कायद्यानं परदेशी देणगीदार झाला आणि ग्रुपच्या कामासाठी त्याचे पैसे घ्यायला एफसीआरए लागेल. तुमच्या वैयक्तिक खात्यावर ग्रुपचा पैसा तर कुणाचाच घेऊ नका, भारतीयाचा सुद्धा नाही. उद्या भांडण झालं तर चौकशी तुमच्या एकट्याची होते, आणि आपल्या लोकांची तक्रार करायला माणसं टपलेली असतात. संस्थेचं किंवा बचत गटाचं खातं उघडा, तीन सह्यांपैकी दोन लागतील असं.

प्रश्न : ताई, मी आठ वर्षं अमरावती जिल्ह्यात एचआयव्हीच्या प्रोजेक्टमध्ये फील्डवर होतो. प्रोजेक्ट बंद झाला, एका व्हॉट्सअ‍ॅप मेसेजवर आम्हाले घरी पाठवलं. ज्या पोरांना मी तपासणीले न्यायचो ते आता मलाच फोन करून राहिले, गोळ्या बंद होतील का म्हणून. काय सांगू त्यांना?

उत्तर : गोळ्या बंद होणार नाहीत, हे त्यांना आजच सांग, प्रत्येकाला फोन करून सांग. एआरटी सेंटर, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या देणारं केंद्र, सरकारी आहे, तिथली औषधं फुकट आहेत आणि तो कार्यक्रम केंद्र सरकारच्या पैशावर चालतो, २०२१ ते २०२६ च्या पाचव्या टप्प्याला १५ हजार ४७१ कोटींची तरतूद होती. एकही डोस चुकवायचा नाही.

तुझ्या प्रोजेक्टचं नेमकं काय झालं ते मला ठाऊक नाही पण सगळीकडं जे झालं ते असं. २० जानेवारी २०२५ ला अमेरिकेच्या अध्यक्षांनी परदेशी मदत ९० दिवसांसाठी थांबवली, मग ही मदत वाटणारं यूएसएड हे खातंच जुलैपर्यंत गुंडाळलं. हैदराबादचं मित्र क्लिनिक, जे २०२१ मध्ये देशातलं पहिलं ट्रान्स क्लिनिक म्हणून सुरू झालं होतं, ते आणि त्याच्याच जोडीचे पुणे, कल्याणचे क्लिनिक तेव्हा बंद पडले. तिथं ट्रान्स लोकच डॉक्टर, कौन्सेलर म्हणून काम करायचे, पेशंटला आपलं दुखणं सांगायला लाजावं लागत नव्हतं. ते एका सहीनं गेलं आणि मला त्याचा अजून राग येतो. एका सरकारच्या भरवशावर एवढं सगळं उभं केलं, दुसरा खांबच ठेवला नाही, ही चूक देणाऱ्यांची आहे, तुझी नाही.

तुझ्यासाठी म्हणून सांगते, जिल्हा रुग्णालयातल्या आयसीटीसीत (एचआयव्ही तपासणी-समुपदेशन केंद्रात) आणि एआरटी सेंटरच्या समन्वयकाला जाऊन भेट, आठ वर्षांचा अनुभव असलेला माणूस त्यांना लागतोच, जागा निघाली की कळवतील. अनुभवाचं पत्र जुन्या संस्थेकडून लेखी घे, संस्था बंद व्हायच्या आत. थकलेला पगार असेल तर तोही लेखी माग. आणि रात्री झोप लागत नसेल, खूप जड होत असेल तर १४४१६ वर फोन कर, टेलिमानसचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

प्रश्न : इथं कापसाले भाव नाही, माणसं फाशी घेऊन राहिली, आणि तुम्ही या लोकांसाठी फंड मागता. परदेशाचा पैसा घेऊन आपली संस्कृती बिघडवायचं काम आहे हे. – एक शेतकरी, वाशिम जिल्हा

उत्तर : दादा, तुमचा राग कापसाच्या भावाचा आहे आणि तो शंभर टक्के खरा आहे. पण ज्या पोरांबद्दल मी लिहिते ती तुमच्याच घरची आहेत, त्यांच्या बापाचाही कापूस त्याच भावानं गेला. माझ्या ओळखीच्या एका ट्रान्स मुलीला भावानं घराबाहेर काढलं, हिस्सा नाही, रेशन कार्डात नाव नाही, आणि ती सोयाबीनच्या काढणीला जाते तेव्हा मुकादम तिला बायांचीही मजुरी देत नाही आणि पुरुषांचीही नाही, त्याच्या मनात येईल ते देतो. तिच्यासाठी पैसा मागितला म्हणून शेतकऱ्याचा एक रुपया कमी होत नाही. ४ सेंटचा हिशेब वर दिलाच आहे, तो पैसा तुमच्या वाट्याचा नव्हताच कधी.

परदेशाचं म्हणाल तर एफसीआरएचा प्रत्येक रुपया दिल्लीच्या संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या शाखेत आधी उतरतो, सरकारला पै न पै माहीत असते. आणि ६ सप्टेंबर २०१८ ला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून समलिंगी लोकांना मोकळं केलं ते आपल्या सुप्रीम कोर्टानं, त्याआधी १५ एप्रिल २०१४ ला तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख स्वतः सांगायचा हक्क दिला तोही त्याच कोर्टानं. तुम्ही दारव्ह्याच्या ग्रुपसारख्या एखाद्या बैठकीत येऊन बसा असं मी मनापासून म्हणते, त्यातली अर्धी पोरं तुमच्याशी बोंडअळीवरच बोलतील.

प्रश्न : मी रिटायर्ड शिक्षिका आहे. माझा एक विद्यार्थी असाच होता, त्याला शाळेत फार त्रास झाला आणि मी तेव्हा काही बोलले नाही. आता महिन्याला पाचशे रुपये द्यायची इच्छा आहे, पण माझं नाव कुठं यायला नको, सुना-मुलं काय म्हणतील. एवढ्या कमी पैशाचा उपयोग होतो का? – पुसद

उत्तर : बाई, होतो. मोठे फंड प्रशिक्षणाला, रिपोर्टला, हॉटेलातल्या वर्कशॉपला देतात, पण कुणाच्या तरी एसटीच्या तिकिटाला आणि मोबाइलच्या रिचार्जला कुणी देत नाही, आणि आमचं काम तिथंच अडतं. तुमचे पाचशे रुपये तिथं जातील.

नोंदणीकृत संस्थेला द्या, देणगीवरची करसवलत (८०जी) आहे का विचारा, जुन्या करपद्धतीत असाल तर सूट मिळते, फक्त २ हजारांच्या वर रोख देऊ नका. संस्थेच्या वहीत देणाऱ्याचं नाव-पत्ता ठेवावाच लागतो, तो कायदा आहे, पण वार्षिक अहवालात किंवा फेसबुकवर छापू नका असं लेखी सांगता येतं आणि संस्थेनं ते पाळायला पाहिजे. पावती घरी नको असेल तर ऑफिसातच ठेवायला सांगा, मार्चमध्ये सगळ्या एकदम घ्या. आणि तुमच्या तिथल्या शाळेत अजून ओळख असेल तर एक करा, नवीन मुख्याध्यापकांना भेटा आणि त्यांना सांगा की अशा पोराला वर्गात चिडवलं तर शिक्षकानं तिथल्या तिथं थांबवायचं. त्याला कुठलाच फंड लागत नाही आणि तुमच्या शब्दाला तिथं किंमत आहे.