मॅडम, हे घरी कळणार नाही ना?

विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात सगळ्यात जास्त वेळा ऐकलेला प्रश्न कुठला असेल तर हाच. कुणी आल्या आल्या विचारतं, कुणी तिसऱ्या सेशनला, आणि बरेचजण विचारतच नाहीत, मनातच ठेवतात, अर्धवट काहीतरी बोलतात आणि परत फिरकत नाहीत. म्हणून एका मुलीची गोष्ट सांगते. नाव, कोर्स, गाव, घरची माणसं सगळं बदललंय, दोन-तीन जणींचं एकत्र केलंय, त्यामुळे कोण असेल हे शोधत बसू नका.

तिला रेवा म्हणू. वय १९, बी. फार्मसी सेकंड इयर, मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावची, हॉस्टेलला राहणारी. झोप लागत नव्हती, व्हायवाच्या आधी हात थरथरायचे, आणि दोन विषय बॅक राहिलेत हे घरी सांगितलेलं नव्हतं. पण हे सगळं मला नंतर कळलं. पहिल्या दिवशी खुर्चीच्या कडेला बसली, बॅग मांडीवर, फॉर्म हातात घेतला आणि पहिला प्रश्न, "यात घरचा नंबर कंपल्सरी आहे का?"

म्हणलं, नंबर इमर्जन्सीसाठी आहे, आईबाबांचाच पाहिजे असं काही नाही, तुझा विश्वास आहे असं कुणीही मोठं माणूस चालेल. तिने मावसबहिणीचा टाकला. मग एकामागून एक सुरूच. फाईल कुठे ठेवता, एचओडी सरांना दिसते का, मार्कशीटवर काही येतं का, प्लेसमेंटला कंपनीला कळतं का.

तर नाही. आमच्या केंद्राच्या फाईलला नंबर असतो, नाव वेगळ्या रजिस्टरमध्ये, ते कुलपात, आणि परीक्षा विभाग, प्लेसमेंट सेल, डिपार्टमेंट यांच्याकडे यातलं काहीच जात नाही. अटेंडन्ससाठी चिठ्ठी लागली तर त्यावर फक्त "अमुक तारखेला अमुक वेळेत हजर होती" एवढंच, कारण लिहीत नाही, आणि ती चिठ्ठी विद्यार्थ्याच्याच हातात देतो, परस्पर सरांना पाठवत नाही. एखादी अवघड केस मी माझ्या सिनिअरशी बोलते, ते कामाचा भाग आहे, पण तिथेही नाव घेत नाही. व्हॉट्सॲपवर फक्त अपॉइंटमेंटची वेळ ठरते, मनातलं काही लिहू नका असं मी सगळ्यांना सांगते, कारण तुमचा फोन रूममेटच्या हातात कधी असेल याचा काही नेम नसतो. आणि कँटीनमध्ये दिसलीस तर मी आपणहून ओळख दाखवणार नाही, तू हसलीस तर मीही हसेन. यावर ती पहिल्यांदा जरा सैल झाली.

मग मर्यादाही तेव्हाच सांगितल्या. हे मी पहिल्याच दिवशी सांगते, काही सहकाऱ्यांना वाटतं यामुळे पोरं घाबरतात पण माझं मत उलट आहे, कुठे थांबायचं ते माहीत असलं की पोरं जास्त मोकळं बोलतात. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चा, मे २०१८ पासून लागू, त्यात गोपनीयतेचा हक्क दिलाय आणि अपवादही दिलेत. जीवाला धोका असेल, दुसऱ्या कुणाला इजा होणार असेल, कोर्टाचा आदेश आला तर, आणि तेव्हाही गरजेपुरतीच माहिती द्यायची, अख्खी फाईल नाही. आता हा कायदा मुळात आजार आणि उपचारांबद्दल आहे, कॉलेजच्या समुपदेशकाला प्रत्येक कलम जसंच्या तसं लागू होतं का यावर वकील लोक वाद घालू शकतील, पण आमचं धोरण त्याच चौकटीवर बेतलंय. आणि समोरचं मूल १८ च्या आतलं असेल आणि लैंगिक अत्याचाराचं काही सांगितलं तर पॉक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, तिथे मला चॉईस नाही. फर्स्ट इयरला १७ वर्षांची पोरं असतात, त्यामुळे हे सांगावंच लागतं, आधीच सांगितलेलं बरं.

तीन-चार सेशन नीट झाली आणि एक दिवस केंद्राच्या फोनवर तिचे वडील.

"मॅडम, आमची मुलगी तुमच्याकडं येती म्हणं. काय झालंय तिला?"

म्हणलं, दादा, कोण आमच्याकडे येतं आणि कोण येत नाही हे मी कुणालाच सांगू शकत नाही. येते असंही नाही, येत नाही असंही नाही.

"अहो मी बाप आहे तिचा. फी मी भरतो."

आवाज चढला होता पण त्यामागे राग कमी आणि घाबरलेपण जास्त होतं, हे लगेच कळतं. अशावेळी फोन आपटून चालत नाही. मी म्हणलं, तुम्ही मला सांगू शकता, ऐकायला काही बंदी नाही, फक्त माझ्याकडून उत्तर मिळणार नाही. मग दहा मिनिटं ते बोलले, मुलगी सुट्टीत गप्प होती, जेवत नव्हती, आईने विचारलं तर खेकसली. शेवटी एवढंच म्हणलं की मुलं १८ ची झाली की त्यांचं त्यांना विचारावं लागतं, तुम्ही तिला फोन करा, पण "काय लपवतीस" असं नका विचारू, "जेवलीस का" विचारा.

नियम असा की असा फोन आला की पुढच्या भेटीत विद्यार्थ्याला सांगायचं. रेवाला सांगितलं तर तिचा चेहराच पडला. तुम्ही सांगितलंत? नाही गं. मग कुणी?

तर हॉस्टेलच्या गेटवरचं रजिस्टर. त्यात "कुठे जाणार" असा रकाना असतो, आणि पोरीने बिचारीने खरं खरं "काउन्सेलिंग" लिहिलं होतं. वॉर्डन मॅडमनी वाचलं, काळजीपोटी तिच्या आईला फोन केला. वाईट हेतू कुणाचाच नाही.

आणि मला नेमकं हेच सांगायचंय. समुपदेशकाच्या तोंडून गोष्ट फुटली असं क्वचित होतं, फुटते ती गेटवरच्या वहीतून, बाहेरच्या बाकावरून, चहा घेऊन येणाऱ्या मामांकडून, भिंतीऐवजी लावलेल्या काचेच्या पार्टिशनमधून. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवाच, छान झालं, पण पोस्ट भरली आणि खोली दिली प्राचार्यांच्या केबिनला लागून, तर तिथे कोण येणार? आम्ही त्या प्रकरणानंतर वॉर्डनशी बसून बोललो, आता त्या रकान्यात "विद्यार्थी कल्याण विभाग" एवढंच लिहायचं. त्याच बिल्डिंगमध्ये स्कॉलरशिपचे फॉर्म, बसपास, एनएसएसचं ऑफिस, दिवसभर गर्दी, कोण कशाला आलंय कुणाला कळत नाही. पैसा एक खर्च झाला नाही.

रेवा त्यानंतर येईल की नाही मला शंका होती. आली. आणि त्यानंतरच्या एका सेशनला, विषय वेगळाच चालू असताना, म्हणाली, "कधीकधी वाटतं सकाळी उठूच नये." आणि लगेच, "आता तुम्ही घरी फोन करणार ना?"

इथे बऱ्याच पोरांचा गैरसमज असतो म्हणून जरा थांबून सांगते. मरणाचा विचार मनात येणं आणि जीवाला तातडीचा धोका असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी सरळ विचारते, आडून आडून नाही: काही करायचं ठरवलंयस का, कसं, कधी, हाताशी काही साधन आहे का, आधी कधी प्रयत्न केलायस का. विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाही, उलट बहुतेकांना हायसं वाटतं. रेवाच्या बाबतीत ठरवलेलं काही नव्हतं, दमलेली होती फार. म्हणून घरी फोन करायची गरज नव्हती, आणि मी तो केला नाही. दोघींनी बसून एका कागदावर लिहून काढलं की असं वाटायला लागलं तर आधी काय करायचं, मग मावसबहिणीला फोन, रात्री-अपरात्री टेलिमानस या सरकारी हेल्पलाईनचा १४४१६, तिथे मराठीतून बोलता येतं. आणि झोपेसाठी तिच्या संमतीने मानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी. धोका खरंच दिसला असता तर मी फोन केला असता, पण तोही तिला सांगून, शक्यतो तिच्यासमोर, आणि कुणाला करायचा हे तिलाच विचारून. पोलीस केस होते का असंही विचारतात. २०१७ च्या त्याच कायद्यात आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस प्रचंड तणावाखाली होता असंच, उलट सिद्ध होईपर्यंत, धरायचं असं म्हटलंय, आणि असा प्रयत्न गुन्हा ठरवणारं दंड संहितेतलं जुनं ३०९ कलम नव्या न्याय संहितेत घेतलेलंच नाही.

मावसबहिणीनेच तिला धीर दिला. दिवाळीत घरी दोन विषयांचं सांगितलं, थोडी आदळआपट झाली, मग शांत.

डिसेंबरात वडील स्वतः आले, रेवासोबत, तिच्या सहीच्या परवानगीने. बसल्या बसल्या म्हणाले, "फाईल बघायची आहे." मी रेवाकडे बघितलं, आपली नोंद बघायचा हक्क तिचा आहे, दुसऱ्याला दाखवायची की नाही हेही तीच ठरवणार. "दाखवा मॅडम," म्हणाली. एका भेटीच्या नोंदी म्हणजे तीन-चार ओळी असतात: झोप, परीक्षेची भीती, घरी सांगायची तयारी, पुढची तारीख. त्यांनी चष्मा काढून परत लावला, मागची पानं चाळली.

"यात आमच्याबद्दल काहीच नाही?"

"नाही दादा."

"एवढंच होतं होय," म्हणत फाईल परत दिली, आणि रेवाकडे वळून, "बॅकचा फॉर्म भरायची लास्ट डेट कधीय गं?"