बाळाचं ऑपरेशन आणि उरलेले सात आठवडे

प्रश्न: कवटीचा सांधा वेळेआधी जुळल्यामुळे पाच महिन्यांच्या मुलाचं खासगी रुग्णालयात पैसे भरून ऑपरेशन केलं. दुसऱ्या दिवसापासून जखमेतून पाणी येत होतं. चौथ्या दिवशी ताप, मग मेंदुज्वर, पुन्हा ऑपरेशन. संमतीपत्रावर आमची सही आहे. केस होईल का? पहिल्या ऑपरेशनला २२ महिने आणि वर आठवडा झाला.

सहीची धास्ती सोडा. सही धोक्यांना असते, हलगर्जीला नसते. उलट रक्तस्राव, मेंदूचं आवरण फाटणं, जंतुसंसर्ग यांतलं काही झालं म्हणजे डॉक्टर चुकलेच, असंही नाही. मला खटकलं ते तुमचं शेवटचं वाक्य.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ६९: तक्रार दोन वर्षांत. मुदत दुसऱ्या ऑपरेशनपासून धरा, असं मी ग्राहक आयोगापुढे म्हणेन. तुम्ही मात्र पहिल्यापासूनच मोजा. 'डॉक्टर म्हणाले होईल बरं, म्हणून थांबलो' हे वाक्य विलंबमाफीच्या अर्जांत मी इतक्यांदा लिहिलंय की आता हात आपोआप चालतो. ते दरवेळी चालत नाही. मूल अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, असल्याने त्याच्या दिवाणी दाव्याला जास्त मुदत मिळू शकते, पण आयोगापुढे त्या भरवशावर बसू नका.

आणि बावीस महिन्यांत हाती काय, तर डिस्चार्ज कार्ड! उद्याच संपूर्ण केसपेपर लेखी मागा, अर्जाच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनुसार कागद ७२ तासांत द्यायचे असतात, आणि उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षं जपायचे असतात. त्यात नर्सिंगच्या नोंदी आधी बघा. पाणी दिसल्याची पहिली नोंद किती वाजता, आणि डॉक्टर केव्हा आले? केस उभी राहिली तर या मधल्या तासांवर. पत्नीने दुसऱ्या दिवशी पहाटे उशीच्या ओल्या अभ्र्याचा फोटो काढलाय म्हणता. तो ज्या फोनमध्ये आहे तिथेच राहू द्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरवलेल्या प्रतीत काढल्याची वेळ राहत नाही.

कागद आले की दुसऱ्या न्यूरोसर्जनचं लेखी मत घ्या. ते वेळेत मिळालं नाही तरी तक्रार दाखल करा, मत मागाहून जोडायची परवानगी मागू. निकाल तीन महिन्यांत लावायचा प्रयत्न करावा, असं कायदा म्हणतो. माझ्याकडच्या अशाच एका प्रकरणाला चौथं वर्ष लागलंय आणि अजून उलटतपासणीच चालू आहे.