वाचकांचे प्रश्न : चाचणीत शून्य, अहवालात क्रोमियम

प्रश्न : क्रोम प्लेटिंगच्या धुवणाच्या पाण्यात आम्ही सोडियम मेटाबायसल्फाइट टाकतो, मग चुन्याने पीएच ८.५ करतो. हेक्झाव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियमचे विषारी, सहा संयुजेचे रूप) असल्यास गुलाबी रंग देणाऱ्या डायफिनिल कार्बाझाइडच्या चाचणीत रंग येत नाही. पण दोन दिवसांनी बाहेरच्या प्रयोगशाळेत त्याच पाण्यात हेक्झाव्हॅलंट क्रोमियम सापडते. असे का?

उत्तर : आधी तुमच्या शून्यावर संशय घ्या. मेटाबायसल्फाइटपासून होणारे सल्फाइट आणि हेक्झाव्हॅलंट क्रोमियम पीएच ८.५ला एकाच पाण्यात निवांत राहू शकतात. चाचणीसाठी तुम्ही सल्फ्युरिक आम्लाने पीएच १च्या आसपास आणला, की सल्फाइट जागे होते आणि रंग येण्याआधीच क्रोमियमचे क्षपण (कमी घातक ट्रायव्हॅलंट रूपात बदल) करून टाकते. बाटली दोन दिवस राहिली, की हवेतल्या ऑक्सिजनने सल्फाइट संपते आणि उरलेले क्रोमियम उघडे पडते.

खात्री करायला १४१.४ मिलिग्रॅम पोटॅशियम डायक्रोमेट एक लिटर पाण्यात विरघळवा. त्यात लिटरला ५० मिलिग्रॅम क्रोमियम असते. याचे १ मिलिलिटर तुमच्या १०० मिलिलिटर नमुन्यात आम्ल घालण्यापूर्वी मिसळा. आता आम्ल, मग २ मिलिलिटर अभिकर्मक (५० मिलिलिटर अ‍ॅसिटोनमध्ये २५० मिलिग्रॅम डायफिनिल कार्बाझाइड), आणि ५ ते १० मिनिटांनी ५४० नॅनोमीटर तरंगलांबीला रंगाचे वाचन. लिटरला ०.५ मिलिग्रॅमइतका रंग यायलाच हवा. नाही आला, तर सल्फाइट शिल्लक आहे. अभिकर्मक तपकिरी बाटलीत ठेवा. त्याचा रंग बदलला की फेकून द्या. पिवळसर छटा दिसली तर लोहाचा हस्तक्षेप समजा. आणि काचसामान क्रोमिक आम्लाने धुऊ नका, हे सांगायची वेळ अजूनही येते!

मूळ दोष मात्र टाकीत आहे. क्षपण पीएच २ ते ३ मध्ये काही मिनिटांत होते, ४च्या वर ते रेंगाळते. अशा वेळी कामगार मेटाबायसल्फाइट वाढवत राहतात, त्यामुळे सल्फाइटही उरते आणि क्रोमियमही.

प्रश्न : मेटाबायसल्फाइट नेमके किती लागावे?

उत्तर : हिशेबाने १ ग्रॅम हेक्झाव्हॅलंट क्रोमियमला २.७४ ग्रॅम. लिटरला ५० मिलिग्रॅम क्रोमियम असलेल्या १०,००० लिटरच्या टाकीत ५०० ग्रॅम क्रोमियम असते, म्हणजे १.३७ किलो पुरेल. प्रत्यक्षात हवेमुळे काही वाया जाते, म्हणून थोडे जास्त धरा. दुप्पट लागत असेल तर आधी पीएच मीटरचे अंशांकन तपासा. पीएच २च्या खाली नेला तर सल्फर डायऑक्साइड उडून जातो: रसायन वाया, शिवाय श्वासाला धोका.

ओआरपी मीटरवर (पाण्याची ऑक्सिडीकरण-क्षपण क्षमता मिलिव्होल्टमध्ये दाखवणारे यंत्र) मात्रा सोडत असाल तर पीएच २.५ला स्थिर करून मगच २५० ते ३०० मिलिव्होल्टचा बिंदू ठरवा. ओआरपी पीएचबरोबर सरकते, त्यामुळे पीएच हलता असताना ठरवलेला बिंदू निरुपयोगी.

प्रश्न : हेक्झाव्हॅलंट नाही, तरी एकूण क्रोमियम जास्त येते.

उत्तर : चुन्याने तयार झालेले क्रोमियम हायड्रॉक्साइडचे बारीक कण तळाशी न बसता पाण्याबरोबर जात असावेत. नमुना गाळून पुन्हा मोजा. आकडा उतरला तर फ्लॉक्युलंट (बारीक कण एकत्र आणून बसवणारे रसायन) आणि निवळण्याचा वेळ पाहा. उतरला नाही तर पीएच पाहा. तो १०च्या वर गेला की क्रोमियम हायड्रॉक्साइड पुन्हा विरघळू लागते.