स्प्लेंडरवरून थेट ६५०? सीसीचं नंतर बघू, आधी वजन आणि ब्रेक

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय एकतीस, उंची पाच फूट पाच, आठ वर्षं स्प्लेंडर. रोज सिंहगड रोड ते हिंजवडी, महिन्यातून एक-दोनदा कराडजवळच्या गावी, बऱ्याचदा डबल सीट. मनात रॉयल एनफिल्डची इंटरसेप्टर ६५० भरलीय. मित्र म्हणतात, आधी त्यांचीच क्लासिक ३५० घे, वर्षभर चालव, मग बघ. तर थेट घ्यावी का?

घ्या. मित्रांची काळजी रास्त आहे, पण ते आकडा चुकीचा धरून बसलेत.

स्प्लेंडर ९७ सीसी, साधारण ८ पीएस (म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच), वजन ११२ किलो. क्लासिक ३५० ला २० पीएस आणि १९५ किलो. इंटरसेप्टर ६४८ सीसी, ४७ पीएस, २१८ किलो. तुमचं वजन सत्तर धरा आणि गाडी अधिक माणूस मिळून किलोमागे किती ताकद येते ते काढा. क्लासिक आत्ताच्या गाडीच्या साधारण पावणेदोनपट निघते, इंटरसेप्टर पावणेचारपट. आता केटीएम ३९० ड्यूक घ्या: ४६ पीएस, १६८ किलो. ती जवळजवळ साडेचारपट! म्हणजे 'आधी चारशे, मग साडेसहाशे' अशी सीसीची शिडी धरलीत, तर खालची पायरीच वरचीपेक्षा उंच निघते. उलट इंटरसेप्टरचं इंजिन स्वभावाने गरीब आहे. दोन सिलिंडर, खालच्या आरपीएमलाही भरपूर ओढ, आणि मूठ थोडी जास्त पिळली गेली तरी गाडी एकदम अंगावर येत नाही. मागचं चाक घसरायला लागलं की आपोआप ताकद कमी करणारं ट्रॅक्शन कंट्रोल मात्र नाही, तेव्हा पावसात ते काम तुमच्या मनगटाचं.

युरोपात ही चढण कायद्यानेच आखून दिलीय. पहिल्या वर्गात १२५ सीसी आणि ११ किलोवॅट, मधल्या वर्गात ३५ किलोवॅटपर्यंत, त्यानंतर मोकळं रान. ब्रिटनमध्ये थेट मोठ्या गाडीचं लायसन्स हवं असेल तर वय २४ लागतं. इंटरसेप्टरचे ४७ हॉर्सपॉवर म्हणजे बरोबर ३५ किलोवॅट. त्यांच्या दृष्टीने ही मधल्या वर्गाची, शिकत्या माणसाची गाडी आहे. आपल्याकडे गियरवाल्या मोटरसायकलचं लायसन्स एकदा हातात पडलं की ९७ सीसी चालवा नाहीतर हजार, विचारणारं कोणी नाही. त्यामुळे आपली परीक्षा आपणच घ्यायची.

ती वेगाची नसते. सरळ रस्त्यावर इंटरसेप्टर कोणीही पळवेल. खरी गंमत ताशी दहा किलोमीटरच्या खाली सुरू होते. स्प्लेंडर कलली तर पाय टेकून, हँडल ओढून तुम्ही ती सहज सावरता आणि असं काही केल्याचं तुमच्या लक्षातही राहत नाही. २१८ किलोची गाडी एका मर्यादेपलीकडे कलली की पायाने सावरता येत नाही. सावरायला गेलात तर गुडघा किंवा घोटा दुखावून घ्याल. इंटरसेप्टरची सीट ८०४ मिलिमीटर उंच आहे आणि मधे रुंद आहे, त्यामुळे तुमच्या उंचीला दोन्ही टाचा टेकणार नाहीत, चवडे टेकतील. तेवढं पुरतं. पण सिग्नलला थांबताना पाय नेमका वाळूवर, तेलावर किंवा रस्त्याच्या उतरत्या कडेला पडला तर पुरत नाही. कुठे पाय ठेवायचा ते थांबायच्या आधी बघायची सवय लागते.

पार्किंगचंही तसंच. मोठी गाडी उतारावर तोंड खाली करून कधीच लावू नका. परत मागे ढकलताना दम निघतो आणि मदतीला कोणी नसलं की तिथेच उभे. उलटी लावा किंवा तोंड चढाकडे ठेवा. सोसायटीत तुमची जागा कुठे आहे ते आत्ताच नीट बघून या. दोन अॅक्टिव्हांच्या मधली दीड हाताची जागा असेल तर रोज संध्याकाळी भांडण ठरलेलं.

आणि गाडी पडणार. बहुतेक वेळा उभ्या उभ्या, पेट्रोल पंपावर किंवा यू टर्न घेताना, चारचौघांत. हँडल धरून वाकून उचलायला जाऊ नका, कंबर धरेल. आधी इंजिन बंद, गाडी गियरमध्ये. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच काढून ठेवा, नाहीतर उभी करताना पलीकडे पडेल. मग गाडीकडे पाठ करून सीटच्या कडेला ढुंगण टेकवा, एका हातात जमिनीकडचं हँडल पूर्ण वळवून धरा, दुसऱ्या हाताने मागची फ्रेम किंवा ग्रॅब रेल. पाठ ताठ ठेवून पायांच्या जोरावर लहान लहान पावलं मागे टाकत उठा. आणि सरळ सांगतो, आजूबाजूला माणसं असतील तर हाक मारा. लेग गार्ड पहिल्याच दिवशी बसवून घ्या.

आता ज्याबद्दल कोणी बोलत नाही ते: तुमचा डावा पाय. स्प्लेंडरला चारही गियर पुढे दाबून पडतात. इंटरसेप्टरला, आणि जवळजवळ सगळ्याच मोठ्या गाड्यांना, पहिला खाली आणि बाकीचे वर उचलून. आठ वर्षांत पाय आपोआप चालायला लागलेला असतो. डोकं शांत असताना तो नवी पद्धत पाळेल, पण ट्रकला ओव्हरटेक करताना घाईत जुनी सवय वर आली की तिसऱ्यातून चौथ्याऐवजी थेट दुसरा पडेल. इंटरसेप्टरचा स्लिपर क्लच धक्का थोडा कमी करतो, तरी ओल्या रस्त्यावर हा प्रकार महागात पडतो. पहिले काही आठवडे गियर बदलताना मनात बोला, वर-खाली. हसू येईल, येऊ द्या.

ब्रेकचं याहून जास्त मनावर घ्या. आपल्या देशात स्प्लेंडरवाल्याचा ब्रेक म्हणजे उजवा पाय. त्यात अलीकडच्या छोट्या गाड्यांना एकत्रित ब्रेक आले, म्हणजे मागचा दाबला की थोडा पुढचाही लागतो, त्यामुळे पायाची सवय अजून पक्की झाली. १२५ सीसीच्या वर २०१९ पासून एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक जॅम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं आहे, पण एबीएस म्हणजे एकत्रित ब्रेक नव्हे. इंटरसेप्टरवर पायाने फक्त मागचं चाक थांबतं. जोरात ब्रेक मारला की वजन पुढे येतं, मागचं चाक हलकं होतं आणि पकड सगळी पुढच्या टायरकडे जाते. नुसत्या पायावर विसंबलात तर मागे एबीएस टकटक करत राहील आणि गाडी पुढच्या टेम्पोच्या दिशेने जात राहील. पुढचा ब्रेक झटक्यात न खेचता आधी हलका, मग वाढवत वाढवत दाबायचा, पाय सोबतीला.

थांबायचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं. ६० वरून ८० ला गेलात तर वेग तिसऱ्या हिश्श्याने वाढला, ब्रेक लागल्यानंतरचं अंतर मात्र पावणेदोनपट. शिवाय ८० च्या वेगात एका सेकंदात २२ मीटर जातात, म्हणजे बोटं लिव्हरवर पोचेपर्यंतच दोन बसच्या लांबीइतका रस्ता संपलेला. स्प्लेंडरवर तुम्ही ५०-५५ ला असता तेव्हा इंजिनच सांगतं, बाबा रे पुरे. इंटरसेप्टर ९० ला सुद्धा कुजबुजतही नाही. वेग जाणवत नाही, हाच तिचा धोका.

तुमच्या रस्त्यावर हे कुठे भेटेल ते तुम्हाला माहीतच आहे. परत येताना कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडल्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार. तिथे अवजड गाड्यांचे ब्रेक निकामी होऊन किती अपघात झाले ते आपण वाचत आलोय. मोठ्या गाडीचा तिथे एक फायदा आहे: खालच्या गियरमध्ये इंजिन ब्रेकिंग भरपूर मिळतं. एक गियर खाली ठेवा, मधल्या लेनमध्ये ट्रकच्या पुढे रेंगाळू नका, आरशात बघत राहा. दुसरी गोष्ट, गाळपाचा हंगाम. दिवाळीनंतर कराडकडे संध्याकाळी उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर निघतात, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि शेतातून रस्त्यावर आलेला चिखल वेगळा. स्प्लेंडरच्या वेगात ती ट्रॉली वेळेत दिसते. नव्या गाडीवर अंधार पडायच्या आत घरी पोचायचं असं ठरवूनच टाका, निदान पहिला हंगाम.

ताकद वापरणार कुठे, हाही प्रश्न आहेच. द्रुतगती मार्गावर आपल्याला बंदी, समृद्धीवर बंदी, अटल सेतूवर बंदी. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार चौपदरी रस्त्यावर दुचाकीची कमाल मर्यादा ताशी ८० आहे. एवढं तर क्लासिकही दिवसभर न कुरकुरता करते. मग ६५० कशाला? दोघं आणि सामान घेऊन खंबाटकी चढताना, किंवा ट्रकला ओव्हरटेक करताना चौथ्या-पाचव्या गियरमध्येच काम होतं आणि कमी वेळात होतं म्हणून. बाकी सगळं हौस. हौसेला हरकत नाही, पण तिला गरज म्हणू नये.

पैशाचं पटकन. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंत जीएसटी १८ टक्के आणि त्याहून मोठ्या गाड्यांना ४० टक्के झाला. नव्या गाडीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. २०२२ च्या दरांनुसार तो १५० ते ३५० सीसीला ७,३६५ रुपये आणि ३५० च्या वर १५,११७ रुपये, कर वेगळा. अॅव्हरेज पंचविशीच्या आसपास धरा. सेकंड हँड बघणार असाल तर चाकं बघा. सुरुवातीच्या गाड्यांना तारांची चाकं आणि ट्यूबचे टायर होते, ट्यूबलेसवाली अलॉय चाकं २०२३ पासून आली. शिरवळच्या पुढे भर उन्हात ट्यूबवालं मागचं चाक खोलायची वेळ आली की हा फरक किती रुपयांचा ते कळतं.

आता मित्रांच्या '३५० वर वर्षभर' या सल्ल्याकडे. नवी क्लासिक घेऊन वर्षात विकलीत तर घसाऱ्यात आणि करात जी रक्कम जाईल, त्यात दोन माणसांचे चांगले जॅकेट, हातमोजे, बूट आणि हेल्मेट येऊन पैसे उरतील. आणि क्लासिक तुम्हाला शिकवणार काय? वजन आणि ब्रेक, जे ती खरोखर छान शिकवते. पण त्यासाठी ती विकत घ्यायची गरज नाही. पुण्यात भाड्याने मिळते. तीन-चार रविवार घ्या. सकाळी लवकर एखाद्या रिकाम्या मैदानात किंवा मोकळ्या रस्त्यावर हाफ क्लच आणि मागच्या हलक्या ब्रेकवर इंग्रजी आठ काढा, दोन्ही बाजूंनी यू टर्न मारा, मान वळवून जिथे जायचं तिथे बघत. स्लो स्पीडला पुढचा ब्रेक धरायचा नाही, हँडल वळलेलं असताना तर नाहीच. मग ३० वरून, ४० वरून, ५० वरून पूर्ण थांबायचा सराव, एबीएसची थरथर हाताला कळेपर्यंत. त्यानंतर एकदा गावी जाऊन या. येताना खांदे आखडलेले नसले आणि गियरचा विचार करावा लागला नसला, तर इंटरसेप्टर बुक करा. जमलं नाही तर अजून एक-दोन रविवार, बास.

आणि स्प्लेंडर विकू नका. तिचे येऊन येऊन किती येणार? हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये दोन सिलिंडरचं इंजिन मांड्या भाजतं, क्लचने मनगट दुखतं, आणि महिन्याभरात तुम्ही हौसेच्या गाडीलाच शिव्या द्यायला लागाल. ऑफिसला स्प्लेंडर, गावाला इंटरसेप्टर. एक अडचण तेवढी आहे: दोन्हींचे गियर उलटे. रोज सोसायटीतून बाहेर पडताना पाय त्या त्या गाडीवर आणायला अर्धा मिनिट द्या.

डबल सीटचं शेवटी लिहितोय, कारण त्यावर माझं मत ठाम आहे. एका बाजूला बसून प्रवास बंद. इतक्या जड गाडीवर मागचं वजन एकाच बाजूला असलं की सावकाश वळताना तोल भलतीकडे जातो. वहिनींना दोन्हीकडे पाय टाकून बसावं लागेल, तेव्हा आधी त्यांना विचारा. टेस्ट राइडला त्यांना घेऊनच जा, शोरूमच्या गल्लीत एक चक्कर मारून परत येऊ नका, अर्धा तास मागा. इंटरसेप्टरची सीट सपाट आणि कडक आहे. बऱ्याच जणांच्या घरी ही गाडी दुसऱ्या लांबच्या प्रवासानंतर एकट्याची होते, ती याच सीटमुळे. डबल सीट जाताना मागच्या सस्पेन्शनचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा ताण, वाढवा, टायरमधली हवा पुस्तिकेत दिल्याप्रमाणे. आणि त्यांना क्लासिकची मागची सीट जास्त आवडली, तर पाच मिनिटं थांबून माझं वरचं सगळं बाजूला ठेवून विचार करा, कारण तुमचे निम्मे किलोमीटर त्या मागे बसून करणार आहेत.